उंडगी बरी झाली

सुनंदा गेल्याची बातमी मला कॉलेजच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मिळाली. खरं म्हणजे मिळाली, पण कळली नाही. ग्रुपवर तिचा फोटो आला होता. डोक्यावर गुलाबी फेटा, खांद्यावर शाल, हातात नारळ. खाली मजकूर : ‘आपल्या महाविद्यालयाच्या सूक्ष्मजीवशास्त्र विभागाच्या प्रमुख, विद्यार्थिप्रिय प्राध्यापिका, आंतरराष्ट्रीय कीर्तीच्या संशोधक...’ एवढंच दिसत होतं. पुढचं वाचायला बोटानं दाबावं लागतं आणि आमच्या ग्रुपवर पुढचं वाचायची पद्धत नाही. त्यामुळे पहिली प्रतिक्रिया आली ती ‘हार्दिक अभिनंदन मॅडम!’ अशी. तिच्यापाठोपाठ दोन पुष्पगुच्छ आणि टाळ्यांचं चित्र. मग कुणीतरी मजकूर शेवटपर्यंत वाचला असावा. अभिनंदन पुसलं गेलं, टाळ्या पुसल्या गेल्या, पुष्पगुच्छ राहिले. ते दोन्हीकडे चालतात.

मी तरी काय वेगळं केलं होतं? निवृत्त होऊनही त्या ग्रुपमधून बाहेर पडायचं धाडस मला झालेलं नाही, आणि तो फेटा बघून मी सुनंदालाच मेसेज लिहायला घेतला होता. ‘आता कशाबद्दल गं सत्कार?’ एवढं लिहून झालं, तेवढ्यात तिच्या थोरल्या भावाचा, दत्तादादांचा फोन आला. “वसूताई, सुनी गेली की हो... सकाळी चहा मागितला, आन् मी आणूस्तवर...” ती आजारी होती हे ठाऊक होतं. पोटाचा कॅन्सर, उशिरा सापडलेला. आदल्या आठवड्यातच मी कसबा बावड्याला तिच्या घरी जाऊन आले होते. कळायचं ते तेव्हाच कळलं होतं. तरीही फोन ठेवल्यावर मी बराच वेळ त्या फोटोकडे बघत बसले. तो फोटो कधीचा आहे हे माझ्याइतकं त्या ग्रुपवर कुणालाच माहीत नव्हतं. तिच्या आयुष्यातल्या सगळ्यात वाईट दिवसाचा तो फोटो होता आणि तिच्या निधनाच्या बातमीसाठी कॉलेजला नेमका तोच सापडला. पण ते पुढं येईल.

आमची ओळख सत्कार समितीत झाली. नव्यानं लागलेल्या बायकांना आमच्याकडे पहिल्यांदा त्या समितीत टाकत. बायकांना शालींमधलं कळतं, अशी समजूत. मी इतिहास शिकवायला आले होते. ती बंगळूरच्या एका मोठ्या संस्थेत पेशीविज्ञानात डॉक्टरेट करून आली होती. आणि आम्ही दोघी महाद्वार रोडच्या एका दुकानात उभ्या राहून साहेबांच्या वाढदिवसाला कोणत्या रंगाची शाल शोभेल याचा अभ्यास करत होतो. साहेब म्हणजे आमच्या संस्थेचे अध्यक्ष. राजकारण हा त्यांचा व्यवसाय आणि शिक्षण हा छंद, की उलट, हे मला शेवटपर्यंत ठरवता आलं नाही. सुनंदानं दुकानदारानं पुढं केलेली शाल उलटून बघितली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, “ही मागच्या सत्काराची परत आलेली दिसतीया. कोपऱ्यात चहाचा डाग हाय बघा.” दुकानदारानं मुकाट्यानं दुसरी काढली. बाहेर आल्यावर मी विचारलं, “खरंच डाग होता?” ती म्हणाली, “व्हता की. मी डाग बघायचंच शिकून आलीया बंगळूरहून.” तेव्हा मला तो विनोद वाटला. तिचं कामच ते होतं हे मला नंतर कळलं.

बंगळूरला तिला ठेवून घ्यायला तयार होते. आई बावड्याचं घर सोडायला तयार नव्हती, म्हणून ही परत आली. यात तिनं कधी त्याग वगैरे पाहिला नाही आणि दुसऱ्यांनी पाहिलेला तिला खपत नसे. एका कार्यक्रमात निवेदकानं ‘परदेशाची दारं उघडी असताना मातीची ओढ...’ असं सुरू केलं, तेव्हा ती पहिल्या रांगेतून म्हणाली होती, “कुणी बोलावलं नव्हतं हो परदेशानं.” निवेदक पुढच्या ओळीवर गेला.

तिचा विषय मला पहिल्यांदा समजला तो बावड्याच्या घरी, सोप्यात बसून शेंगा फोडताना. दत्तादादा उसाला पाणी सोडून नुकते आले होते. मी विचारलं, “तू नक्की करतेस काय गं?” ती म्हणाली, पेशीत हजारो तऱ्हेची प्रथिनं तयार होतात. प्रथिन म्हणजे खायचं तेवढंच नव्हे, पेशीतली बहुतेक सगळी कामं करणारी ही मंडळी. यातल्या प्रत्येकाची जागा ठरलेली असते. कुणी पेशीच्या भिंतीत बसायचं, कुणी बाहेर जायचं, कुणी आतल्या एका पिशवीत जाऊन टाकाऊ मालाचे तुकडे करायचे. प्रथिन कितीही उत्तम असलं तरी चुकीच्या जागी गेलं की त्याचा उपयोग शून्य, कधीकधी नुकसानच. मग ज्याला त्याला त्याच्या जागी पोचवतं कोण? एवढाच तिचा प्रश्न होता.

“म्हंजे मुकादम कोण, असंच न्हवं?” दत्तादादांनी विचारलं.

“मुकादम न्हाय, दादा. पत्ता त्येच्या अंगातच असतोय. तयार होतानाच त्याच्या सुरवातीला एक बारका तुकडा असतो, तो पत्ता. दारात वाचणारा बसल्याला असतो. वाचतो, आत घेतो, आणि आत घेतलं की तो तुकडा कापून टाकतो.”

“कापून टाकतो?”

“मग? आत आल्यावर पत्त्याचं काय काम?”

दत्तादादांनी शेंगेचं टरफल भिरकावलं. “आमच्या तालुक्याच्या कचेरीत उलटं हाय. आत काय घेत न्हाईत, आन् पत्ता तेवढा चारदा मागत्यात.”

मी इतिहासाची. माझ्या डोक्यात लगेच विचार सुरू झाले... मुकादमाशिवाय चालणारं राज्य, राजाविना कारभार. मी तसं काहीतरी बोललेही. सुनंदानं हात जोडले. “पेशीला पेशीच राहू दे की गं. तुम्हाला उदाहरणांसाठी दुसरं काय घावत न्हाय व्हय?” तेव्हापासून तिच्या विषयावरून समाजाला बोध काढायचं मी टाळलं. या लेखातही टाळते आहे. सोपं नाही ते.

तिची काम करायची रीत साधी होती आणि तिला वेळ फार लागे. पाव फुगवणारं यीस्ट असतं ना, त्याचीच एक जात तिनं बंगळूरहून आणली होती. त्या यीस्टमध्ये अशी सोय केलेली होती की आतल्या पिशवीत जायचं एक प्रथिन जर वाट चुकून पेशीच्या बाहेर पडलं, तर ते लपून राहू नये. यीस्टवर अतिनील किरणांचा तडाखा द्यायचा, म्हणजे काही पेशींच्या जनुकांत बिघाड होतो. मग ते प्लेटवर वाढू द्यायचं. चिंचोक्याहून बारीक पांढरे ठिपके उगवतात, एकेक ठिपका म्हणजे एकेका पेशीचं अख्खं खानदान. त्यांच्यावर एक द्रावण ओतायचं आणि काही मिनिटं थांबायचं. ज्यांच्यातलं प्रथिन जिथं जायचं तिथं गेलंय ते ठिपके पांढरेच राहतात. ज्यांच्यातलं बाहेर सांडतंय ते तपकिरी होतात. ते तपकिरी ठिपके, ते डाग, हे तिचं धन. “सगळं नीट चाललंय तिथं बघण्यासारखं काय नसतं,” ती म्हणे. “बिघडल्यालं असतंय तेच सांगतंय, काय काय लागतं ते.”

असे डाग शोधण्यात तिची वर्षं गेली. तास, पेपर तपासणी, परीक्षा विभाग आणि शाली यांतून उरेल त्या वेळात. सापडलेले बहुतेक डाग जगाला आधीच माहीत असलेल्या बिघाडांचे निघाले. कुठं पत्ता वाचणारा बिघडलेला, कुठं दार. एक मात्र कशातच बसेना. त्या डागाचं यीस्ट हळू वाढायचं, उष्णता सोसायचं नाही, सारखं आजारी असल्यासारखं. पत्ता ठीक, वाचणारा ठीक, दार ठीक, आणि तरी प्रथिन बाहेर. सुनंदा एकदा घरी जेवताना याच्यावर चिडचिड करत होती, तर दत्तादादा म्हणाले, “सगळं असून घरात ठरंना म्हंजे उंडगीच की ती.” तेव्हापासून त्या यीस्टचं नाव उंडगी. विद्यार्थी नळीवर नुसतं ‘उ’ लिहीत.

उंडगीबद्दल सुनंदाचा एक अंदाज होता. तो तिनं मला स्टाफरूममध्ये चहाच्या कपबशीवर समजावला होता. पत्ता वाचणारा माल पिशवीपर्यंत घेऊन जातो, उतरवतो आणि रिकामा परत येतो, पुढचा माल घ्यायला. “जाताना सगळे बघत्यात. परत येताना कोण बघतंय? मला वाटतंय, ह्या बयेच्यात तो परत येतच न्हाय. जाणारं जातंय, पण परतीचं कायतरी मोडलंय, आणि ते काय हाय ते अजून कुणाला माहीत न्हाय.” हे सिद्ध करायला उंडगीत नेमकं कोणतं जनुक मोडलंय ते शोधावं लागणार होतं. ते सापडलं असतं तर जगाच्या पाठ्यपुस्तकात एक ओळ वाढली असती. एकच ओळ. तिला तेवढी पुरली असती.

हे सगळं यीस्ट एका डीप फ्रीझरमध्ये होतं. फ्रीझर जुना, दुसऱ्या संस्थेनं टाकून दिलेला, आमच्याकडे समारंभपूर्वक स्वीकारलेला. उणे ऐंशीच्या जागी तो कसाबसा उणे साठला टेकायचा आणि रात्रंदिवस कण्हायचा. रोज सकाळी विभागात आली की सुनंदा आधी त्याच्या अंगावर तळहात ठेवायची, ताप बघावा तसा. उंडगीची जादा नळीही त्यातच होती, कारण दुसरा फ्रीझर आमच्या इमारतीतच नव्हता. “किल्ली आन् जादा किल्ली एकाच जुडग्यात,” ती म्हणायची. एकदा तिनं बंगळूरच्या जुन्या सहकाऱ्याकडे ती जादा नळी कुरियरनं पाठवली. पार्सल आधी हुबळीला गेलं, तिथं पडून राहिलं, आणि बंगळूरला पोचलं तेव्हा आतला बर्फ संपून सगळं मेलेलं होतं. पत्ता बरोबर होता. सुनंदा त्यावर इतकी हसली की तिला ठसका लागला. पुन्हा पाठवायचं तिनं नवा फ्रीझर आल्यावर ठरवलं. एकच जिवंत नळी त्या कण्हणाऱ्या पेटीतून सारखी बाहेर काढायला नको म्हणून.

नवा फ्रीझर आला. अनुदानातून, बऱ्याच खेपा घालून, उन्हाळ्याच्या तोंडावर. पांढराशुभ्र, उभा, माणसाच्या उंचीचा. सुनंदा त्या दिवशी स्टाफरूममध्ये पेढे घेऊन आली होती. आणि तो आल्या दिवशीच त्याला लाल फीत बांधली गेली.

आता आमच्याकडची रीत सांगायला हवी. आमच्या संस्थेत नवी वस्तू साहेबांच्या हस्ते उद्घाटन झाल्याशिवाय वापरत नाहीत. संगणक, जिना, पाण्याची टाकी, काहीही. लेखी नियम नाही. लेखी असता तर मोडता आला असता. त्या वेळी साहेबांना वेळ नव्हता, आणि वेळ मिळाला तेव्हा निवडणूक लागली. आचारसंहिता. साहेब स्वतः उभे होते. आचारसंहितेत त्यांनी फीत कापली तर विरोधक तक्रार करतील आणि दुसऱ्या कुणी कापली तर साहेब. म्हणून निकालापर्यंत फ्रीझर तसाच ठेवायचं ठरलं, फितीसकट, कुलूप लावलेल्या खोलीत. सुनंदा प्राचार्यांकडे गेली तेव्हा मी बरोबर होते.

“सर, फीत राहू दे. तुमच्या हारांनाही माझी ना न्हाय. वायर तेवढी लावू दे मला.”

प्राचार्य वाईट माणूस नव्हते. हे मुद्दाम सांगते, कारण वाईट माणसं असती तर गोष्ट सोपी झाली असती. ते कळवळून म्हणाले, “अहो मॅडम, चालू केल्यावर उद्घाटन कशाचं करायचं मग?”

“जुना कधी बी बंद पडंल, सर.”

“इतकी वर्षं चाललाय ना? दोन आठवडे काढा की. तुमचं ते यीस्ट काय पळून जातंय?”

“जातंय की,” सुनंदा म्हणाली. “तेवढंच येतंय त्येला.” प्राचार्यांना ते कळलं नाही. खोलीची किल्ली ऑफिसात राहिली.

मग तिला इलेक्शन ड्युटी लागली. शिरोळकडच्या एका गावात मतदान केंद्रावर, ऐन उन्हाळ्यात, पत्र्याच्या खोलीत. जायच्या आधी ती फ्रीझरवर हात ठेवून आली. परत आली ती ताप घेऊनच, आणि आठवडाभर अंथरुणात होती. सुट्टी पडलेली, विभाग बंद. ती उठून कॉलेजात गेली तेव्हा जुना फ्रीझर अजून कण्हत होता. फक्त थंड करायचं त्यानं केव्हाच सोडलं होतं. मोटर चालू राहून तो आतून तापला होता. दार उघडल्यावर आंबूस वास आला. तिनं मला फोन केला आणि एवढंच म्हणाली, “वसू, ये गं जरा.” मी गेले तर ती फरशीवर बसली होती, आजूबाजूला नळ्यांचे डबे, आणि विभागातली तिची विद्यार्थिनी तेजश्री पोछ्यानं पाणी टिपत होती. पलीकडच्या खोलीच्या काचेतून नवा फ्रीझर दिसत होता. फितीवर धूळ बसली होती.

त्या दोघींनी एकेक नळी प्लेटवर लावून बघितली. बहुतेकांतून काहीच उगवलं नाही. काहींतून बुरशी आली. उंडगीच्या प्लेटवरही बरेच दिवस काही नव्हतं... आणि मग एका सकाळी तिच्यावर ठिपके दिसले. चांगले टपोरे. प्राचार्य योगायोगानं तिथं आले होते. त्यांनी सुटकेचा श्वास सोडला. “उगवलंय की, मॅडम! मी म्हणत नव्हतो? उगाच जीव घाबरा केला सगळ्यांचा.” त्यांनी त्या प्लेटचा मोबाइलवर फोटोही काढला. सुनंदाला त्या ठिपक्यांचा टपोरेपणाच पसंत नव्हता. उंडगी कधी एवढ्या जोमानं वाढत नसे. तिनं द्रावण ओतलं. आम्ही थांबलो. पाच मिनिटं, दहा मिनिटं... सगळे ठिपके पांढरे.

मला कळायला वेळ लागला. त्या उष्णतेत आजारी पेशी मेल्या होत्या. लाखोंमधल्या एखाद्या पेशीत मोडलेलं जनुक आपोआप दुरुस्त झालं असावं, किंवा दुसरंच काही बदलून ती धडधाकट झाली असावी. जगली ती तीच. प्लेटवर तिचं खानदान होतं. त्यांच्यातलं प्रथिन आता आज्ञाधारकपणे पिशवीत जात होतं आणि काय मोडलं होतं याचा मागमूस उरला नव्हता.

“म्हणजे मेली?” मी विचारलं.

“मेली असती तर बरं. बरी झाली,” सुनंदा म्हणाली.

उद्घाटन निकालानंतर झालं. साहेब निवडून आले होते, त्यामुळे मांडव मोठा होता. सत्कार समितीनं सुनंदाचाही सत्कार ठेवला, फ्रीझर तिच्या प्रयत्नांनी आला म्हणून. तिच्या डोक्यावर गुलाबी फेटा बांधला. साहेबांनी फीत कापली, शोभेसाठी आदल्या रात्रीपासूनच चालू करून ठेवलेल्या फ्रीझरचं दार उघडलं, आतल्या थंड हवेचा लोट अंगावर आला तसे खूश झाले. रिकाम्या कप्प्यांकडे बघून त्यांनी विचारलं, “यात काय ठेवता, मॅडम?”

“काही नाही, साहेब.”

“छान,” साहेब म्हणाले. “स्वच्छ ठेवलाय.”

फोटो त्याच क्षणी काढला आहे. नीट बघितलंत तर दिसेल, सगळे कॅमेऱ्याकडे बघताहेत आणि सुनंदा एकटी उजवीकडे. उजवीकडे फ्रीझरचा आकडा होता. उणे ऐंशी, झकास.

त्यानंतरही तिनं उंडगीसारखी दुसरी शोधायचा प्रयत्न केला. पुन्हा किरण, पुन्हा प्लेटा, पुन्हा द्रावण. डाग मिळाले, सगळे ओळखीचे. एक फरक मात्र तिच्यात पडला. विभागात कोणतंही यंत्र आलं की ती ते खोक्यातून अर्धवट बाहेर असतानाच, कधी व्हरांड्यात, वायर ओढून चालू करायची. मग प्राचार्य येऊन विचारायचे, आता उद्घाटन कशाचं करायचं. “बंद करून परत चालू करा,” ती सांगायची. तिला यासाठी दोनदा मेमो मिळाले. दोन्ही वेळी तिनं उत्तरात दिलगिरी व्यक्त केली नाही, यंत्राचं तापमान कळवलं.

गेल्या वर्षी, तिचं पोट दुखायला लागलं होतं पण ती अजून त्याला पित्त म्हणत होती, तेव्हा एक दिवस ती माझ्याकडे आली. हातात छापलेली काही पानं. परदेशातल्या एका प्रयोगशाळेनं एक नवं जनुक शोधलं होतं. पत्ता वाचणाऱ्याला रिकामं परत आणण्यात त्याचा हात असतो आणि ते मोडलं की पिशवीतलं प्रथिन बाहेर सांडतं. यीस्ट हळू वाढतं. उष्णता सोसत नाही. तिनं मला चित्रं दाखवली. तपकिरी ठिपके. बोट ठेवून म्हणाली, “ही बघ. आपली उंडगी.”

मी संतापले. मी काय काय बोलले... साहेबांना, प्राचार्यांना, त्या फितीला, आम्हा सगळ्यांना, जे हार घालून उभे होतो. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, “झालं? आता हे बघ की. किती झ्याक केलंय त्यांनी. मला सुचलं नसतं असं.”

“तुला राग येत नाही?”

“येतोय की. न येऊन कसं चालंल?” ती पानं सारखी करत म्हणाली. “पण ते खरं निघालं, वसू. परतच येत नव्हता तो.” तिचा चेहरा असा काही उजळला होता की मला तो बघवेना. ती तेवढ्यावर समाधानी आहे याचा मला राग आला, आणि तो अजून गेलेला नाही. दुसऱ्या दिवशी तिनं ते एम.एस्सी.च्या वर्गाला शिकवलं. स्वतःचा उल्लेख केला नाही, असं तेजश्रीनं मला सांगितलं. तेजश्री आता तासिका तत्त्वावर तिथंच शिकवते.

शेवटच्या भेटीत ती उशीला टेकून बसली होती. आवाज बसला होता, तरी बोलणं तेच. म्हणाली, “शोकसभा घेतील गं. घेऊ नका म्हणून सांग. आणि घेतलीच तर खुर्च्या मांडायला पोरांना प्रॅक्टिकलमधनं उठवू नका म्हणावं.” मी प्राचार्यांना, म्हणजे आताच्या नव्या प्राचार्यांना, फोन करून दोन्ही निरोप दिले. पहिला त्यांना तिचा विनय वाटला. दुसरा त्यांनी लिहून घेतला.

शोकसभा झाली. खुर्च्या एम.एस्सी.च्या मुलांनी मांडल्या. प्रॅक्टिकल रद्द करून. साहेब थकले आहेत, तरी आले. त्यांना कुणीतरी चिठ्ठीवर ‘प्रथिने’ एवढा शब्द लिहून दिला असावा. ते म्हणाले, मॅडमनी आयुष्यभर समाजाला प्रथिनांचं महत्त्व पटवलं. आपल्या मुलींच्या आहारात प्रथिनं कमी पडतात. अंडी, डाळी, दूध यांचं प्रमाण वाढवणं हीच त्यांना खरी श्रद्धांजली ठरेल. टाळ्या वाजवायच्या की नाही याचा सभागृहात क्षणभर गोंधळ झाला. माझ्या शेजारी दत्तादादा बसले होते. ते वाकून हळूच म्हणाले, “वसूताई, सुनी असती तर उठून सांगितलं असतं.” मी होते, आणि मी उठले नाही. शोकसभेत उठून काय बोलणार? विभागाला तिचं नाव द्यायचा ठराव त्याच सभेत मंजूर झाला. पाटी तयार आहे म्हणतात. साहेबांची तारीख मिळायची आहे.

गेल्या आठवड्यात तिच्या खोलीतल्या वस्तू आणायला मी विभागात गेले होते. दत्तादादांनी सांगितलं होतं, माझ्यानं जाववणार नाही म्हणून. वस्तू अशा फार नव्हत्या. चष्म्याचं घर, एक स्वेटर, चहाचा डबा. पलीकडे प्रॅक्टिकल चाललं होतं. मी दारात उभी राहिलेली बघून तेजश्रीनं आत बोलावलं. टेबलावर प्लेटांच्या दोन रांगा होत्या आणि मुली त्यांच्यावर वाकल्या होत्या. तेच द्रावण, तीच रीत. एका रांगेत ओळखीचे डाग, बाजारात विकत मिळणाऱ्या बिघडलेल्या जातीचे. दुसऱ्या रांगेत तुलनेसाठी निरोगी यीस्ट. निरोगी कसं दिसतं ते कळल्याशिवाय बिघडलेलं ओळखता येत नाही. मी सहज विचारलं, “हे चांगलं कुठून आणलंस?”

तेजश्री द्रावण ओतता ओतता थांबली. “तेच आहे, मॅडम. उंडगीच्या नळीतलं. आमच्याकडचं सगळ्यात चांगलं वाढतं ते. सुनंदामॅडमच म्हणाल्या होत्या, टाकू नको, नॉर्मल म्हणून वापर.”

तिनं ओतलं. मुली घड्याळाकडे बघत बसल्या, एकमेकींना कोपरानं ढोसत, परीक्षेला हे येणार का विचारत. पहिल्या रांगेतले ठिपके हळूहळू तपकिरी होत गेले. वेळ झाली तशी एकीनं दुसऱ्या रांगेतली प्लेट उचलून उजेडाला धरली.

“पांढरीच आहे, मॅडम. सगळं जिथल्या तिथं. नॉर्मल लिहू?”

“लिही,” तेजश्री म्हणाली.

मुलीनं लिहिलं, प्लेट टेबलावर ठेवली आणि सगळ्या हात धुवायला गेल्या. मी स्वेटर हातात धरून त्या प्लेटपाशी उभी राहिले. थांबायची वेळ संपली होती, हे मला दिसत होतं. तेजश्री म्हणाली, “मॅडम, झालं आता ते.” मी हो म्हणाले, आणि तरी आणखी थोडा वेळ बघत राहिले.